उजव्या हाताची नखे

आपल्या मराठी भाषेने उजव्या हाताला फार डोक्यावर बसवून ठेवले आहे. दोन वस्तूंतली सरस ती 'उजवी'. भरवशाचा माणूस म्हणजे 'उजवा हात'. मुलीचे लग्न जमले की 'उजवली एकदाची' म्हणून जुन्या बायका सुस्कारा सोडत. डाव्याच्या वाट्याला आले काय, तर 'डाव्या हातचा मळ'! आणि तरीही गिटार वाजवणारा समोर येऊन बसला, की आपण सारे त्याच्या डाव्या हाताकडेच टक लावून पाहतो. तो हात लांब पट्टीवर खालीवर धावत असतो, बोटे ताणीत असतो, पडद्यांवर कोळ्यासारखा चढत-उतरत असतो. पाहणाऱ्याला वाटते, कसब काय ते इथेच आहे. उजवा हात बिचारा वाद्याच्या पोटावरच्या वाटोळ्या भोकापाशी एका जागी ओणवा असतो. त्याची बोटे इंचभरसुद्धा हललेली दिसत नाहीत.

पण खरे पाहता भाषेचेच बरोबर आहे. कोणता स्वर वाजावा एवढेच डावा हात ठरवतो. तो गोड की कर्कश, भरलेला की पोकळ, कानाशी बोललेला की माडीवरून हाक मारलेला, हे सारे उजव्याच्या हाती. 'इकडे ये' हे दोन शब्द आईही म्हणते आणि फौजदारही म्हणतो. अक्षरे तीच असतात. गिटारवर डावा हात अक्षरे जुळवतो, उजवा ती उच्चारतो.

मी गिटार वाजवीत नाही. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठी शिकवतो. मग या विषयात तोंड घालण्याचा तुमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. अधिकार कसलाच नाही. माझ्याकडून एक चूक झाली आहे, आणि तिच्या पोटी चार पुस्तके धुंडाळावी लागली आहेत, एवढेच.

आमच्या शाळेत दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखे तपासण्याची रीत आहे. मुले दोन्ही हात पुढे करून उभी राहतात आणि वर्गशिक्षक रांगेतून फिरतो. दोन वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी नववीतल्या एका मुलापाशी मी थबकलो. उजव्या हाताच्या चार बोटांची नखे वाढलेली. बोटांच्या टोकांपुढे चांगली दिसतील एवढी. मी दरडावले. तो हळूच म्हणाला, "सर, एकाच हाताची आहेत." ही सबब मला उद्धटपणाची वाटली. डाव्या हाताची नखे अगदी मुळापर्यंत कापलेली होती, आणि वाढवलेली नखे कानशीने घासावीत तशी गुळगुळीत गोल केलेली होती. खरे तर एवढ्यावरूनच शहाण्या माणसाने काही ओळखायला हवे होते. मी ओळखले नाही. "उद्या कापून ये," असे सांगून पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी तो कापून आला.

महिन्याभराने स्नेहसंमेलन झाले. त्यात हा मुलगा गिटार घेऊन रंगमंचावर आला. गाण्याला साथ म्हणून खडखडवतात तशी ती गिटार नव्हती. नायलॉनच्या तारांची, मांडीवर घेऊन एकेका बोटाने वाजवायची अशी होती. जिला अभिजात गिटार म्हणतात ती. त्याने एक संथ तुकडा वाजवला. मला तो इतका मृदू, इतका हळवा वाटला, की संपल्यावर मी मुद्दाम उठून त्याची पाठ थोपटायला गेलो. तो म्हणाला, "सर, आवाज पोचलाच नाही. मागची मुलं बोलायला लागली." मी पहिल्या रांगेत बसलो होतो. शिक्षकांच्या खुर्च्या नेहमी पहिल्याच रांगेत असतात.

नखाची वाढ महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या आत-बाहेर. माझ्या एका शब्दाने त्या मुलाचे किती दिवस गेले, याचा हिशेब मी त्या रात्री केला. आणि मग नख असावे की नसावे, हा प्रश्न कोणी कधी सोडवला आहे का, ते शोधू लागलो. तेव्हा कळले, की या एका प्रश्नावर गिटारचे थोर थोर गुरू निदान दोनशे वर्षे भांडत आले आहेत.

त्या भांडणाकडे जाण्यापूर्वी हा उजवा हात असतो कसा, ते थोडक्यात सांगतो. वादक खुर्चीवर पुढे सरकून बसतो. डावा पाय लहानशा पाटावर ठेवतो आणि गिटारची कंबर डाव्या मांडीवर घेतो. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग वाद्याच्या मोठ्या फुगवट्याच्या कडेवर विसावतो, आणि पंजा आपल्याच वजनाने तारांवर येतो. तारा सहा. वरच्या तीन जाड, खर्जाच्या. त्या अंगठ्याच्या मालकीच्या. खालच्या तीन बारीक. त्या तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तिघींत एकेक वाटून दिलेल्या. ही वाटणी बालबोध लिपीची. पुढे मोडीत लिहावे तसे हे सारे एकमेकांच्या घरात जातात. अंगठा तर्जनीच्या जरा पुढे, पट्टीच्या बाजूला राहतो, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. करंगळी बहुतेक रिकामी असते. जुन्या काळी ल्यूट आणि गिटार वाजवणारे ती वाद्याच्या पोटावर टेकवून ठेवीत. आता तिला अधांतरी राहावे लागते.

तार छेडण्याच्या दोन रीती. एकीत बोट तार ढकलून शेजारच्या तारेवर येऊन टेकते. स्पॅनिश लोक हिला 'आपोयांदो', म्हणजे टेकून, म्हणतात. दुसरीत बोट तार छेडून शेजारणीला न शिवता तळहाताकडे निघून जाते. ही 'तिरांदो', ओढून. पहिलीने तार वाद्याच्या पोटाच्या दिशेने दाबली जाते, म्हणून आवाज भरदार येतो. दुसरीने अनेक तारा एकामागून एक, एकमेकींचा नाद न मोडता वाजवता येतात.

एवढ्या भांडवलावर केवढा संसार उभा राहतो, हे पाहायचे असेल तर माउरो ज्युलियानी या इटालियन वादकाचे पहिले पुस्तक पाहावे. हा गृहस्थ १७८१ ते १८२९ या काळातला. व्हिएन्नात असताना, १८१२ साली, त्याने विद्यार्थ्यांसाठी उजव्या हाताचे १२० पाठ छापले. त्यात डाव्या हाताला काम काय, तर दोन स्वरमेळ, आलटून पालटून. बस्स. सगळी करामत उजव्याची. अंगठ्यानंतर तर्जनी, मग मध्यमा. मग हाच क्रम उलटा. मग दोन बोटे एकदम. असे करत करत १२० प्रकार. वाचायला हे पुस्तक पाढ्यांइतके रूक्ष आहे. पण त्यातली दृष्टी मला मोठी वाटली. एका हाताचे बोलणे ऐकायचे असेल, तर दुसऱ्याला थोडा वेळ गप्प बसवावे लागते, हे त्या माणसाने ओळखले होते.

आता ते भांडण. त्यातले दोन मुख्य पक्षकार एकमेकांचे जिवलग मित्र होते, हीच त्यातली गंमत. फर्नांदो सोर १७७८ साली बार्सिलोनात जन्मला, दिओनिसिओ आग्वादो त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. दोघे स्पेनचे, आणि दोघे एका काळी पॅरिसमध्ये एकाच हॉटेलात राहत. सोर बोटाच्या मांसल टोकाने वाजवी, आग्वादो नखाने. सोरने १८३० साली पॅरिसमध्ये आपले शिक्षणपर पुस्तक छापले आणि त्यात नखाचा खरपूस समाचार घेतला. नखाने वाजवणाऱ्याच्या आवाजात छटा फार थोड्या येतात, हळुवार जागा त्याला साधत नाहीत आणि भरदार जागाही पोकळ वाटतात, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. अपवाद त्याने एकच केला, तो आग्वादोचा. नखे असूनही हा असे वाजवतो, म्हणजे याची योग्यता केवढी, असा काहीसा त्याचा सूर आहे.

आग्वादोचे नवे पुस्तक १८४३ साली माद्रिदला निघाले. तोवर सोरला जाऊन चार वर्षे झाली होती. वादात प्रतिस्पर्धी निघून गेला की उरलेल्याचा आवाज चढतो, असा आपला अनुभव. आग्वादोने तसे केले नाही. नखाने वाजवावे हे आपले मत त्याने कायम ठेवले; पण आधी बोटाचे टोक तारेला लागावे आणि मग तार नखावरून घसरत जावी, अशी नाजूक व्यवस्था सांगितली. आणि पुढे मोकळेपणाने कबूल केले, की पूर्वी मी अंगठ्याचेही नख वापरीत असे, मित्र सोरला ऐकल्यावर ते सोडून दिले. सगळ्या वादात मला ही एक कबुली सर्वांत मोलाची वाटते. मत बदलले नाही, पण कान उघडा ठेवला. एका बोटापुरता का होईना, मित्राचा आवाज आपल्या हातात घेतला. सोरने दोघांनी मिळून वाजवायची एक रचना आग्वादोसाठी केली होती. तिचे नावच 'दोन मित्र'. एक गिटार बोटाची, एक नखाची. दोन्ही एकदम वाजत असताना कसे वाटले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

दोघांतला खरा कोण? इथे आपल्या घरातलेच उदाहरण बरे. मिरजेचा तंबोरा आपल्या परिचयाचा आहे. तंबोरा बोटाच्या मांसल भागानेच छेडायचा; चुकून नख लागले तर गवई मागे वळून पाहतो. उलट सतार घ्या: तर्जनीवर तारेची मिजराब चढवल्याशिवाय सतारिया बसत नाही. सरोदला नारळाच्या करवंटीचा जवा लागतो. दक्षिणेकडच्या वीणेवर कोणी स्वतःच्या नखांनी वाजवतात, कोणी बोटांत तारेची नखी घालतात. कारण साधे आहे. मऊ आणि रुंद वस्तूने तार छेडली, की तिच्यातले वरचे बारीक बारीक स्वरांश दबतात आणि नाद गोल होतो. कठीण आणि अरुंद वस्तूने छेडली, की ते स्वरांश मोकळे सुटतात आणि नाद लखलखीत होतो. तार घोडीजवळ छेडली तर आवाज धारदार, पट्टीच्या बाजूला सरकून छेडली तर मधाळ. तंबोऱ्याला गळ्याच्या मागे राहायचे आहे, सतारीला स्वतः बोलायचे आहे. ज्याचे जसे काम, तशी त्याची बोटे.

आणि काम काळाप्रमाणे बदलते. सोरच्या वेळची गिटार अंगाने लहान होती, आणि ती दिवाणखान्यात पाच-पंचवीस माणसांपुढे वाजे. बारीक तारा जनावराच्या आतड्याच्या तातीच्या. पुढे आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७ ते १८९२) या स्पॅनिश कारागिराने गिटारचे पोट मोठे केले आणि तिला आजचे रूप दिले. विसाव्या शतकात आंद्रेस सेगोव्हियाने ती जगभरच्या मोठमोठ्या सभागृहांत नेली, आणि तीही ध्वनिवर्धकाशिवाय, कारण त्याला ते यंत्र मान्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तातीचा तुटवडा पडला, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने नायलॉनच्या तारा केल्या आणि सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. तातीला नख लागून लागून तिचे धागे सुटत. नायलॉन गुळगुळीत आणि चिवट. तेव्हा नखाचे पारडे जड झाले, त्यात पटवून देण्याचा भाग थोडा. खोली मोठी झाली आणि तार बदलली, हा भाग मोठा. पहिल्या रांगेत बसून मी जे मृदू म्हणून वाखाणले, ते शेवटच्या रांगेत नव्हतेच. सोर पहिल्या रांगेसाठी लिहीत होता. माझ्या विद्यार्थ्याला शेवटची रांग हवी होती.

म्हणून बोटाचा पक्ष चुकीचा ठरतो का? मुळीच नाही. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२ ते १९०९) हा आधुनिक गिटारचा पितामह. अंगठा खर्ज धरतो आणि अनामिका, मध्यमा, तर्जनी एकाच तारेवर पाठोपाठ पडून अखंड थरथरता स्वर उठवतात, अशी त्याची आल्हाम्ब्राच्या आठवणींवरची रचना जगभर वाजते. ज्या अनामिकेला सोरने दुबळी म्हणून जेमतेम काम दिले होते, तिलाच तार्रेगाने त्या थरथरीच्या अग्रभागी उभे केले. या तार्रेगाने उतारवयात, सगळी कीर्ती मिळवून झाल्यावर, नखे कापून टाकली आणि बोटाच्या आवाजाकडे वळला. त्याचे दोन थोर शिष्य: मिगेल ल्योबेत नखाने वाजवीत राहिला, एमिलिओ पुजोल बोटाने. पुजोलने तर नादाच्या या पेचावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. दोन्ही बाजूंना न्याय देण्याचा प्रयत्न करूनही त्याचा जीव बोटाकडे ओढलेला आहे, हे पानोपानी कळते. एक गुरू, दोन शिष्य, दोन मते. आणि गुरूनेच आयुष्यात दोन्ही बाजू घेतलेल्या. आणखी एक उदाहरण म्हणजे फ्रान्सची इडा प्रेस्ती (१९२४ ते १९६७). बहुतेक सारे वादक नखाच्या डाव्या कडेने तार छेडतात, ही बाई उजव्या कडेने छेडी. आणि तिच्यासारखा आवाज फार थोड्यांना साधला. शास्त्रोक्त म्हणून एकच रीत सांगणाऱ्याने अशा वेळी करावे काय?

इथवर आल्यावर वाचकाला वाटेल, की उजव्या हाताला नियमच नाहीत, ज्याने त्याने आवडेल तसे वाजवावे. मलाही काही दिवस तसेच वाटत होते. पण पुढच्याच वर्षी तो मुलगा मनगटाला पट्टी बांधून वर्गात आला. विचारले तेव्हा कळले, की शिकवणाऱ्याने त्याला एका थोर वादकाचे जुने छायाचित्र दाखवून मनगट तसेच उंच, कमानीसारखे वाकवायला सांगितले होते. दुखते म्हटल्यावर उत्तर मिळाले, की सराव कमी पडतो आहे. मुलाने सराव वाढवला.

सेगोव्हियाची छायाचित्रे मीही पाहिली आहेत. मनगट खरेच उंच वाकलेले, पंजा तारांवर जवळजवळ काटकोनात उतरलेला. पण तो सेगोव्हियाचा हात. मोठा पंजा, जाडजूड बोटे. आणि बराचसा स्वतःचा स्वतः शिकलेला, म्हणजे स्वतःच्या हाताला विचारून शिकलेला माणूस. त्या हाताने नव्वदी ओलांडल्यावरही तो मैफली करीत होता. १९८७ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी तो गेला. त्याच्या मागून आलेल्या कित्येकांनी त्याची कमान उचलली. त्याने ती ज्या हाताला विचारून घेतली, तो हात मात्र त्यांच्याजवळ नव्हता.

इथे मात्र मतांचा प्रश्न उरत नाही, शरीराचा येतो. बोटे वाकवणारे स्नायू बोटांत नसतात, कोपरापुढच्या हातात असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातल्या एका अरुंद बोळातून बोटांपर्यंत जातात. मनगट फार वाकवले की त्या बोळात घासाघीस होते आणि दाब वाढतो. विहिरीचा दोर काठावर घासत ओढला तर आधी दोर झिजतो, तसेच हे. म्हणून मनगट जवळजवळ सरळ असावे. बोटाची हालचाल मुळाच्या मोठ्या सांध्यापासून व्हावी, नुसत्या टोकाने तार ओरबाडू नये. तार छेडून झाली की बोट तळहाताकडे सहज जावे आणि त्याच क्षणी सैल पडावे. आणि दुखले की थांबावे. उरुग्वेचा आबेल कार्लेव्हारो (१९१६ ते २००१) याने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बोटाचा विचार साऱ्या हाताच्या विचारात नेऊन बसवला. बोट एकटे वाजवीत नाही; मनगट, कोपर, खांदा, सारा हात त्याच्या पाठीशी असतो. अमेरिकेतल्या डेव्हिड लाइस्नर या वादकाला उजव्या हाताची बोटे आपोआप आवळली जाण्याच्या विकाराने सुमारे १२ वर्षे मैफलीपासून दूर ठेवले. मोठ्या स्नायूंना कामाला लावून तो पुन्हा उभा राहिला. हे वाचल्यावर 'सराव कमी पडतो' हे उत्तर किती क्रूर आहे, ते माझ्या लक्षात आले.

आणि लाज वाटली ती अशी, की ही गोष्ट मला माझ्या धंद्यातूनच ठाऊक असायला हवी होती. पहिलीतले पोर पेन्सिल धरते, तेव्हा बोटांची पेरे पांढरी पडेपर्यंत आवळते. पानाच्या मागच्या बाजूला अक्षरांची नक्षी उठते. आपण त्याला म्हणतो, अक्षर चांगले काढ. ते आणखी आवळते. खरे सांगायचे असते ते एवढेच, की बाळ, बोटे सैल सोड. मात्र सैल आणि ढिले यांत फरक आहे. ढिल्या बोटातून पेन्सिल गळून पडते. सैल बोट पेन्सिल धरते, पण तिच्याशी कुस्ती खेळत नाही. हल्लीचे काही गिटारशिक्षक 'सैल सोडा' याचाच जप करतात, तेव्हा त्यांनी हा फरक सांगायला हवा असे मला वाटते. ढिल्या बोटाने तार बोलत नाही. ती छेडण्यापुरता जोर हवाच. कला आहे ती जोर वेळेवर आणण्यात आणि वेळेवर सोडण्यात.

तेव्हा उजव्या हाताचे नियम दोन जातींचे आहेत, आणि बहुतेक पुस्तकांनी व बहुतेक वर्गांनी ते एकाच शिंकाळ्यात टांगले आहेत. एक जात शरीराच्या नियमांची. ते कोणाच्या आवडीवर नाहीत. ते मोडणाऱ्याचा हात आज ना उद्या हिशेब मागतो. दुसरी जात नादाच्या नियमांची: नख की बोट, टेकून की ओढून, घोडीपाशी की पट्टीपाशी. एके काळी सूरावट टेकूनच वाजवली पाहिजे असा दंडक होता. आता ओढूनही तितकाच भरीव स्वर काढणारे वादक पुष्कळ आहेत. हे नियम म्हणजे मोठ्या माणसांच्या आवडीनिवडी. आदराने ऐकाव्यात, करून पाहाव्यात आणि मग आपल्या कानाला विचारावे. पहिल्या जातीचा नियम शिकवताना शिक्षकाने कडक असावे. दुसऱ्या जातीचा शिकवताना त्याने आग्वादो व्हावे. आपल्याकडे होते ते उलटे. मनगटाबद्दल छायाचित्र दाखवून काम भागवतो आणि नखाबद्दल वेदवाक्य ऐकवतो. सोरचे पुस्तक मला आजही मोठे वाटते ते याच कारणाने. त्याचे नखाबद्दलचे मत पटो न पटो, तो कुठेही 'माझे गुरू म्हणाले' म्हणून थांबत नाही. प्रत्येक गोष्टीचे कारण हाताच्या रचनेत आणि वाद्याच्या रचनेत शोधतो. त्याचे उत्तर जुने झाले, विचारण्याची रीत झाली नाही.

त्या एका पोराच्या एका हाताशी दोन मोठी माणसे चुकली. एकाने मोकळे सोडायचे तिथे हुकूम केला. दुसऱ्याने शरीराचा नियम पाळायचा तिथे एका परक्या हाताची आवड लादली. दोघांच्याही मनात त्याचे वाईट करायचे नव्हते, आणि दोघांनाही त्या हाताकडे नीट पाहायला वेळ झाला नव्हता.

आता सोमवारी मी दोन्ही हात निराळे पाहतो, आणि काही निराळे दिसले तर आधी विचारतो. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, तो मुलगा गिटार घेऊन आमच्या घरी आला. मनगट बरे झाले होते आणि बरेच सरळही. नखे पुन्हा वाढली होती. मात्र आकाशकंदिलाच्या काड्या बांधताना मधल्या बोटाचे नख चिरले होते, म्हणून त्याने टेबलटेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून, घासून, डिंकाने वर चिकटवला होता. गिटारवाल्यांची ही जुनी युक्ती, असे तो मोठ्या ऐटीत म्हणाला. तोच स्नेहसंमेलनातला तुकडा त्याने वाजवला. या वेळी मी मुद्दाम मागे, स्वयंपाकघराच्या दारात, बायको चकलीचा डबा घेऊन उभी होती तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. बाहेर फटाके वाजत होते, तरी एकेक स्वर स्वच्छ येत होता.

संपल्यावर माझे लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेले. त्याचे नख कापलेले होते. मी जरा दचकलोच, म्हटले, "हे का कापलेस? कोणी सांगितले?"

तो म्हणाला, "कोणी नाही, सर. खर्ज असाच बरा वाटतो."